मी मितानाचं नाव घेतलं

गेल्या थंडीत पुण्याचे एक गृहस्थ आमच्याकडे दोन दिवस राहून गेले. माझ्या साडूच्या ओळखीचे. देशोदेशीची खेडी हिंडायची आणि त्यांवर लिहायचं, हा त्यांचा उद्योग. सिलोन झालं होतं, ब्रह्मदेश झाला होता, नेपाळ झालं होतं, आता भिलाई. 'जुनं आणि नवं एका अंगणात' हे वाक्य ते येतानाच शिवून घेऊन आले होते, इथे फक्त त्यात बसेल असं अंग शोधत होते. डोक्यावर शेणाची पाटी घेतलेली बाई आणि तिच्यामागे भट्टीचा धूर असं दिसलं, की सायकलरिक्षा थांबवायचे आणि फोटो काढायचे. बाईनं तोंड फिरवलं तर जास्तच खूश.

मला हा माणूस पहिल्या दुपारीच सोसेनासा झाला. पण पाहुणा होता, आणि मी जन्मात कुणाला तोंडावर काही बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "इकडे म्हणे मितान बदतात. काय सुंदर रीत आहे हो! दोन माणसं चारचौघांसमोर मितान होतात आणि मग मरेपर्यंत एकमेकांचं नाव तोंडानं घेत नाहीत. सख्ख्या भावापेक्षा जास्त. तुम्ही तर कारखाना उभा राहायच्या आधीपासून इथे. तुमचा कुणी मितान असेलच?"

"नाही," मी म्हणालो.

बायको पोळी वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला. पाहुणे हात धुवायला गेले तेव्हा ती म्हणाली, "नाही म्हणतानी तुमचा आवाज असा कावून झाला?"

"कसा झाला?"

"चोरावानी."

महिन्याभरानं त्यांचा लेख छापून आला. एक प्रत आठवणीनं पाठवली. त्यात मीही होतो. अबोल यजमानांच्या शांत चेहऱ्यावर त्यांना म्हणे परंपरा आणि आधुनिकता सुखानं नांदताना दिसल्या. बायकोनं ते मोठ्यानं वाचलं आणि पदर तोंडाला लावून हसली. मी लेख दोनदा वाचला. राग उतरेना. मग लक्षात आलं की हा राग त्या गृहस्थांचा नाही. तशीच वही एके काळी माझ्याजवळ होती आणि तिच्यात मी त्यांच्याहून वाईट लिहिलं होतं.

चाळिशी ओलांडून दोन वर्षं झाली. बायकोला जे कधी सांगितलं नाही ते आता लिहितो आहे. यात कुणाचंच नाव घालणार नाही. एकाचं तर घालताच येत नाही.

मी इकडे आलो तेव्हा भिलाई म्हणजे खुंट्या होत्या. लाल मुरमाच्या माळावर, धानाच्या बांध्यांत, लोकांच्या परसांत, चुन्याचा पट्टा मारलेल्या लाकडी खुंट्या. ही खुंटी म्हणजे भट्टी, ती खुंटी म्हणजे रेल्वेचा फाटा. जमिनीच्या दफ्तरात मी तात्पुरता कारकून लागलो होतो. वर्ध्याकडचा. वय एकोणतीस, लग्न व्हायचं होतं. आदल्याच साली आमच्या घरानं नागपूरला दीक्षा घेतली होती आणि गावी परतल्यावर घरातले देव नदीत सोडले होते. मला त्या देवांचं काही वाटलं नव्हतं. गाव सुटल्याचंही नाही. खेडं म्हटलं की मला आमची वेगळी विहीर आठवायची, बाकी काही नाही. त्यामुळे बुलडोझरनं पहिलं मातीचं घर पाडलं तेव्हा मी टाळी वाजवली होती. अक्षरशः वाजवली होती. त्या घराची म्हातारी माझ्यापासून चार हातांवर उभी होती.

वहीत मी 'खेड्यातले दिवस' असं काहीबाही लिहायचो आणि नागपूरच्या एका साप्ताहिकाला पाठवायचो. हे लोक रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात, तळ्याचं लग्न लावतात आणि त्याच्या मध्यात लाकडाचा खांब रोवतात. ते छापत, कारण वाचणाऱ्यांना हसू यायचं.

आम्ही तंबूत राहायचो. पौषात मला ताप आला तो उतरेचना. मोजणीच्या कामावर एक गडी होता, गावचाच शेतकरी, माझ्याच वयाचा. मोजणीची साखळी धरायचा, खुंट्या ठोकायचा. त्याच्याच शेतात त्याच्याच हातून आम्ही खुंट्या ठोकून घेतल्या होत्या. तंबूत मी एकटाच कण्हतो आहे हे पाहून त्यानं मला बैलगाडीत घातलं आणि घरी नेलं. घर म्हणजे त्याची म्हातारी आई आणि तो. बायको बाळंतपणात गेलेली. ओसरीवर खाट टाकली. आई मला काढे पाजायची आणि शिव्या द्यायची, की चांगला शिकलेला माणूस, कापडाच्या घरात कशाला राहतो.

ताप उतरल्यावर मी परत तंबूत जायला हवं होतं. नियमच तसा होता. ज्यांच्या जमिनीची चौकशी चालू आहे त्यांच्याकडे दफ्तरातल्या माणसानं राहायचं नाही, जेवायचं नाही. मी गेलो नाही. कागदोपत्री तंबूत होतो, राहायला त्या ओसरीवर. आमचे हेडक्लार्क नागपूरचे, तोंडात कायम पान. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"कायले राहून राहिला रे तिथं?" ते म्हणायचे. "सायबाले समजलं तर पर्मनंटचा कागद तुह्या हाती नाही, चुलीत जाईन. तवा म्हनू नको का मोठ्या मानसानं सांगतलं नाही."

मी हसून न्यायचो. मला तिथे बरं वाटत होतं, पण हे मी वहीत लिहिलं नाही.

म्हातारीनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "कोन जात?"

"मराठी," मी म्हणालो.

"ती तर बोली झाली. जात?"

"मराठी," मी पुन्हा म्हणालो. मुलगा हसत सुटला. आईला तो दाई म्हणायचा. म्हणाला, "दाई, दफ्तरवाल्यांची हीच जात. खुर्ची-टेबलवाले." म्हातारीनं मान हलवली आणि मला पानावर भात वाढला. त्या घरी सगळेच पळसाच्या पानावर जेवायचे. तरी रोज माझ्या मनात यायचं, की माझं पान मुद्दाम वेगळं आहे का? त्या गावच्या तळ्याला एक घाट बाजूला होता. तो कुणाचा, हे मला विचारावं लागलं नाही. मी गावकऱ्यांच्याच घाटावर आंघोळ करायचो, आणि रोज पाण्यात उतरताना माझ्या पाठीला डोळे फुटायचे.

आम्ही दोघं डावरे होतो, तो आणि मी. मी डाव्या हातानं लिहायचो, तो डाव्या हातानं खुंटी ठोकायचा. जेवताना मात्र दोघंही उजवा हात वापरायचो, कारण लहानपणी दोघांनीही त्यासाठी मार खाल्ला होता. म्हातारी म्हणायची, "एक डावरा पुरला नव्हता म्हणून देवानं दुसरा नागपूरहून पाठवला." संध्याकाळी आम्ही बांधावर बसायचो आणि रशियन साहेबांना पाहायचो. उन्हानं लाल होऊन ते हॅट घालून जायचे. तो म्हणायचा, "ते बघ, उकडलेलं रताळं चाललं." मी रशियन पाहिला की अजूनही मला तेच आठवतं.

चैत्रात त्यांच्याकडे नवरात्र. टोपल्यांत गहू पेरून अंधाऱ्या खोलीत ठेवतात, त्यांना पिवळे पिवळे अंकुर येतात. त्यांना जंवारा म्हणतात. विसर्जनाच्या दिवशी ज्यांना मितान व्हायचं आहे ते हे अंकुर एकमेकांच्या कानांवर खोचतात आणि नारळ बदलतात. मितान होण्याला काहीतरी सारखेपणा लागतो. कुणाचं नाव सारखं असतं, कुणाची उंची. तो म्हणाला, "आपला हात सारखा आहे."

मी म्हणालो, "मी देवाच्या पाया पडत नाही."

"तुला देवाच्या पाया कोण पड म्हणतंय? माझ्या कानावर खोच म्हणतोय."

मी त्याला बांधावर घेऊन गेलो आणि माझी जात सांगितली. जन्मात पहिल्यांदा, कुणी विचारल्याशिवाय. आम्ही नागपूरला काय केलं तेही सांगितलं. तो बराच वेळ गवताची काडी चावत बसला. मग म्हणाला, "मितान के का जात." मितानाला कसली जात. उठताना अंग झटकत म्हणाला, "दाईला सांगू नको. गावातही नको. मी सांगणार नाही."

त्याचं हे 'सांगू नको' मी पुढे कितीतरी वर्षं उगाळत बसलो. म्हणजे त्यालाही ते लपवण्यासारखं वाटलं ना, असं. आपण केलेल्या गोष्टीला आधार हवा असतो. मी हा घेतला.

तळ्याकाठी, बायाबापड्यांसमोर, मी डाव्या हातानं त्याच्या कानावर जंवारा खोचला, त्यानं माझ्या. नारळ बदलले. "सीताराम, मितान," तो म्हणाला. मी म्हणालो, "मितान." त्या दिवसापासून आम्ही एकमेकांचं नाव घेणं बंद केलं. ते नुसतं वळण नव्हे, ती शपथ असते. मितानाचं नाव घेणं म्हणजे तो मितान नाही असं गावाला ओरडून सांगणं. त्याची आई माझी फूलदाई, म्हणजे मानलेली आई, झाली. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली.

दुसऱ्या दिवशी मी वहीत या सगळ्याची एक मजेदार हकीगत लिहिली, जणू ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत घडलं. साप्ताहिकानं छापली. लोकांनी वाचून कळवलं, की रेखाटन झकास आहे.

आता त्या दिवसाचं लिहायचं.

जमीन गेलेल्या घरांतून कामावर घ्यायच्या माणसांची यादी होत होती. त्या गावापुरतं एका घराला एक माणूस. माझ्या मितानाची जमीन कागदावर त्याच्या मयत चुलत्याच्या नावानं होती. चुलत्याचा मुलगा राजनांदगावला कापडाच्या गिरणीत होता, दहा-बारा वर्षांत गावात फिरकला नव्हता. यादीचं कळताच तो आला. अर्ज दोघांचा, जागा एक. मितानाला दुसरं काही येत नव्हतं. शेत तर संपलंच होतं, त्यात खुंट्या होत्या. ती जागा मिळाली तर तो आणि म्हातारी उभे राहणार, नाहीतर ठेकेदाराच्या दारात. हे त्यालाही कळत होतं, मलाही.

चौकशी गावाबाहेरच्या शामियान्यात होती. साहेब दिल्लीहून आलेले, पांढरा बुशशर्ट, टेबलावर कागद उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले. सकाळचे दहा वाजले होते आणि उन्हाची लू सुटली होती. मी साहेबांच्या डाव्या हाताला कागद घेऊन उभा. हेडक्लार्क मागे. समोर अख्खं गाव जमिनीवर बसलेलं.

साहेबांना एकच गोष्ट हवी होती. त्या घरात राहून शेत कोण करत होतं? कोटवार, म्हणजे गावचा चौकीदार, म्हणाला, दोघेही त्याच घराण्यातले. गावकऱ्यांतले अर्धे इकडून बोलले, अर्धे तिकडून, कारण चुलतभाऊ येऊन दोन आठवडे घरोघर बसून गेला होता. साहेब वैतागले. म्हणाले, बाहेरचा कुणी आहे का, ज्यानं स्वतः पाहिलं आहे?

मितान उठला. हात जोडून, हसत. त्याला काळजीच नव्हती. मला आजही ते हसू पाहवत नाही.

"मोर मितान ला पूछ लेव साहेब," तो म्हणाला. "मोरे घर म रहिथे." माझ्या मितानाला विचारा, माझ्याच घरी राहतो. आणि त्यानं माझ्याकडे बोट केलं. डाव्या हाताचं.

साहेबांनी मान वळवली. "तुम? तुम इसके घर में रहते हो?"

मागे हेडक्लार्कांनी खाकरल्यासारखं केलं. तेवढंच. त्यांना दोष देत नाही. त्यांनी मला ढकललं नाही.

मला फक्त असं म्हणायचं होतं: साहेब, हा माझा मितान आहे, याचं नाव मी घेऊ शकत नाही. तेवढ्यानं झालं असतं. सहा महिने मी त्या घरी राहिलो याला त्याहून मोठा पुरावा नव्हता. नियम मोडला म्हणून माझी तात्पुरती नोकरी कदाचित गेली असती. कदाचित गेलीही नसती.

पण नोकरीचं भय हे अर्धंच कारण. उरलेलं आजवर कुणाला सांगितलं नाही. तो उघडाबंब होता, कमरेला गुडघ्यापर्यंतचं धोतर, अंगाला शेणामातीचा वास, आणि साहेबांसमोर, इस्त्रीच्या बुशशर्टासमोर, तो मला आपला म्हणत होता. मी ज्या खेड्यातून सुटून आलो होतो ते खेडं बोट दाखवून मला म्हणत होतं, हा आमचाच. मला त्याचा राग आला. त्या क्षणी मी त्याचा द्वेष केला.

मी हातातला कागद डोळ्यांसमोर धरला. धरायची गरज नव्हती. आणि त्याचं नाव घेतलं. पूर्ण. मग बापाचं नाव. मग गाव, मग अर्जाचा क्रमांक. पुकारा करताना जसा आवाज काढतात तशा आवाजात. म्हणालो, "सर, अर्जदार आहे. मोजणीच्या कामावर मजूर होता. यापेक्षा मला माहिती नाही. मी तंबूत राहतो."

एका बाईनं तोंडात पदर कोंबला. साहेबांना काय झालं ते कळलंच नाही, त्यांनी फक्त मान हलवली आणि लिहायला घेतलं. त्यांना जे सांगितलं गेलं त्यावरून त्यांनी निकाल दिला. माझा मितान तसाच उभा होता. त्याचा डावा हात हळूहळू कानाकडे गेला, माशी बसल्यासारखा, आणि तिथून काहीतरी काढल्यासारखं करून खाली आला. मग तो बसला.

एक गोष्ट त्याला करता आली असती. माझी जात. ती तिथे, सगळ्या गावासमोर, त्यांच्या घाटावर सहा महिने आंघोळ केलेल्या माणसाची जात. एक शब्द पुरला असता. मला मार पडला असता. मी त्या शब्दाची वाट पाहत उभा राहिलो. तो बोलला नाही.

निकालावर हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. मी कागद तयार केला होता, की मी अमुक काळ त्या घरी राहिलो, शेत तोच करत होता. तो कागद माझ्या ट्रंकेत होता. रोज वाटायचं, उद्या देऊ. सोळाव्या दिवशी सकाळी मला जे वाटलं त्याला हायसं वाटणं म्हणतात. हेही लिहून ठेवतो.

चुलतभाऊ कामावर लागला. गाव उठलं. तळं बुजवलं तेव्हा त्यातला खांब काढायला दोन तास लागले, मी तिथे होतो. मी पर्मनंट झालो. क्वार्टर मिळालं. पहिली भट्टी पेटली तेव्हा आम्हा सगळ्यांना पेढे वाटले. लग्न झालं, मुलं झाली, ती आता घराबाहेर पडली की हिंदीच बोलतात.

त्याला मी मधून मधून पाहायचो. ठेकेदाराकडे होता, खुर्सीपारला राहायचा. गेटजवळ लांबून तो दिसला की मी सायकल वळवायचो. खुर्सीपारच्या बाजारात भाजी स्वस्त मिळते, बायको दर आठवड्याला म्हणायची चला म्हणून. मी कधी गेलो नाही. "तिथं काय वाघ बसला हाये का?" ती विचारायची.

पुण्याच्या गृहस्थांचा लेख आला त्याच्या पुढच्या रविवारी मी सायकल काढली आणि खुर्सीपारला गेलो. भर दुपारी. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. कुणाला सांगितलंही नव्हतं.

घर माहीत नव्हतं. पानाच्या टपरीवर विचारलं, की ठेकेदाराकडे आहे, अमक्या गावचा, माझ्याएवढ्याच वयाचा.

"नाव सांगा ना साहेब," टपरीवाला म्हणाला.

मी सायकलच्या घंटीवर बोट फिरवत राहिलो.

"नाव माहीत नाही आणि भेटायला आलात? वारंट आणलंय का खिशात?" बाकड्यावरचे दोघे हसले. एक म्हणाला, "साहेब पत्ता पाहून मुलगी पाहायला आले असतील." पुन्हा हसले. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. ते नाव माझ्या जिभेच्या टोकावर होतं, बापाच्या नावासकट. घेतलं असतं तर अर्ध्या मिनिटात घर सापडलं असतं. ते एकदा मी घेतलं होतं. आता घेणार नव्हतो.

"डावरा आहे," मी म्हणालो.

"अरे, डेबरी! तसं सांगा की. तिसऱ्या गल्लीत, हातपंपासमोर."

तो दारातच होता, कुदळीचा दांडा तासत. केस पांढरे झाले होते. मला पाहून उठला. चेहऱ्यावर काही आलं नाही. मी तोंड उघडायच्या आत त्यानं माझं नाव घेतलं. पूर्ण. मग माझ्या बापाचं नाव. ते त्याला मीच कधीतरी बांधावर सांगितलं होतं. नंतर 'बाबू' लावलं. आवाज अगदी तोच, पुकाऱ्याचा. माझ्याहून चांगला जमला होता.

"बइठव," तो म्हणाला. बसा. पूर्वी तो मला 'बइठ' म्हणायचा आणि आपल्याजवळ जमिनीवर जागा करायचा. आता शेजारच्या घरातून एक लोखंडी खुर्ची घेऊन आला, गमछ्यानं पुसली, आणि मी बसलो. तो उभाच राहिला. चहा हॉटेलातून मागवला, काचेच्या ग्लासात.

आत खाटेवर म्हातारी होती. डोळे गेले होते. तिनं आतून विचारलं, "कोन आय?"

"दफ्तरवाला बाबू," तो म्हणाला.

"कोन जात?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "मराठी, दाई," तो म्हणाला.

एवढ्या वर्षांनंतरही. मला ते सहन झालं नाही. मी खुर्चीवरून, तसाच बसून, आत पाहत माझी जात सांगितली. स्पष्ट सांगितली, गल्लीतल्या माणसांना ऐकू जाईल अशी. म्हणालो, तुमच्या ओसरीवर सहा महिने जेवलो तो मी. ताप आला होता तो. त्या दिवशी साहेबांपुढे खोटं बोललो तो.

म्हातारी खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "चहा गार होत असेल त्याचा."

तो म्हणाला, "तुम्हाला बरं वाटलं का आता, सांगून?"

मी म्हणालो, "कागद त्या वेळी तयार केला होता. हरकतीचा. दिला नाही."

"तुम्ही कागद चांगले लिहायचे," तो म्हणाला. "गावाचंही लिहायचे. कुणीतरी वाचून सांगितलं होतं. मितानाचं होतं त्यात. लोक हसले म्हणे." तो पुन्हा दांडा तासायला बसला. "माझ्याजवळ तुमची एकच गोष्ट होती ठेवलेली. तीही आज तुम्ही परत घेतली. आता माझ्याजवळ तुमचं काही नाही."

मी ग्लास संपवला. चहा खरंच गार झाला होता. काहीतरी बोलावं म्हणून म्हणालो, "येतो मग, मितान."

त्यानं वर पाहिलं नाही. तासत राहिला. मी अजून बसलेलोच आहे हे थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं असावं. माझं नाव घेऊन तो म्हणाला, "खुर्ची शेजाऱ्यांची आहे बाबू. त्यांना परत करायची आहे."

मी उठलो. त्यानं डाव्या हातानं खुर्ची उचलली आणि नेऊन दिली.